वच्छलामावशीचं बिनचुलीचं

पाण्याची टाकी धुतली नव्हती आणि मी कार्डावर धुतल्याची सही केली. नऊ वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनात वेगवेगळ्या रीतीनं सांगून पाहिली. उन्हाळा, पाणीटंचाई, कामाची घाई, सगळं त्यात घालून पाहिलं. काहीही घातलं तरी शेवटी एवढंच उरतं: सही माझी होती, आणि काम गेलं ते वच्छलामावशीचं.

मला लिहायचं आहे ते मावशीबद्दल. स्वतःबद्दल लिहावंच लागेल तेवढं लिहीन.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना. मी तिथं देखभाल विभागात सुपरवायझर आणि मावशी कॅन्टीनमध्ये. ठेकेदाराच्या कागदावर ती ‘मदतनीस’ होती, पण सव्वाशे माणसांचा नाश्ता आणि जेवण तीच रांधायची. बाकीच्या दोघी भांडी घासायच्या आणि तिच्या शिव्या खायच्या. बुटकी, रुंद हाडाची बाई. पदर कमरेला असा खोचायची की कुणाशी तरी भांडायलाच निघाली आहे असं वाटावं. नवरा लवकर गेला होता. एकच मुलगी, ती दारव्ह्याला दिलेली. तिच्या आयुष्याची यापलीकडे मला माहिती नाही. तिनं सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. पण तिला पाव कसा लागायचा, टमाटं कसं लागायचं, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकतो.

टमाट्याला ती भेदरं म्हणायची. भाजीवाल्याचा ऑटो आला की स्वतः बाहेर जायची आणि एकेक भेदरं अंगठ्यानं बुडाशी दाबून बघायची. टणक निघालं की ऑटोत परत. भाजीवाला कुरकुरायचा, “मावशी, हा तं एक नंबर माल हाय. चार दिवस टिकते.”

“मले टिकवाचं नाही, खाऊ घालाचं हाय,” ती म्हणायची. “हे पोट्ट्यायच्या हाती दे, चेंडू खेळतीन.”

तिला हवी असायची ती पिकून मऊ झालेली, कुठं कुठं तडकलेली, जी भाजीवाला खाली दडवून ठेवायचा. ती स्वस्तात मिळायची म्हणून नव्हे. तडा गेलेलं भेदरं उन्हात पुरतं पिकलेलं असतं, असं तिचं म्हणणं होतं. “जे फुटलं नाही थे पिकलंच नाही,” हे तिचं वाक्य. मला वाटायचं, ती भेदरांबद्दलच बोलते आहे. खरंच भेदरांबद्दलच बोलायची ती. उगाच मोठं काही बोलण्याचा तिला कंटाळा होता.

बिनचुलीचं कसं सुरू झालं ते मी समोर उभा राहून पाहिलेलं आहे.

कॅन्टीन म्हणजे पत्र्याची शेड. मे महिन्यात यवतमाळचं ऊन त्या पत्र्यावर उतरलं की आत नुसतं उभं राहिलं तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. खाली तीन मोठ्या शेगड्या. एके दुपारी भांडी घासणारी एक बाई भोवळ येऊन पडली. मावशीनं तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि परत येऊन तिन्ही शेगड्या बंद केल्या. मॅनेजरसाहेब धावत आले. ते नागपूरकडून नव्यानं आलेले होते आणि तेव्हा जरा उत्साहात असायचे.

“मावशी, जेवणाचं काय? माणसं साडेबाराला येतील.”

“साहेब, इथं या. या शेगडीपाशी.” तिनं शेगडी पुन्हा पेटवली. “आता पाच मिनटं उभे राहा. मंग तुमी सांगान तं पोया लाटतो.”

साहेब उभे राहिले. आम्ही दारात दहाबारा जण जमलो होतो. दोन मिनिटांतच साहेबांनी रुमाल काढला आणि बाहेर आले. कुणीतरी मागून म्हणालं, “साहेब, तीन मिनटं बाकी हायेत ना बाप्पा.” साहेबही हसले. त्या दिवसापासून मे महिन्यात दुपारी शेगडी पेटायची नाही असं ठरलं. स्वयंपाक सकाळी साडेसातच्या आत, आणि आठवड्यातून दोनदा बिनचुलीचं.

हे जेवण तिच्या आईचं. उन्हाळवाहीच्या, म्हणजे उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत तिची आई शेतात शिळी भाकर कुस्करून त्यात भेदरं, कांदा आणि जवसाचं कच्चं तेल घालायची. कारखान्यात भाकरी उरत नसत, उरायचे ते सकाळच्या नाश्त्याचे पाव. मावशीनं भाकरीच्या जागी पाव घेतला आणि पावाला भाकरीसारखं वागवलं. आदल्या दिवशीचे पाव हातानं तोडून ती शेडमागच्या ओट्यावर धुतलेल्या धोतरावर पसरायची आणि वरून चक्क मच्छरदाणी टाकायची. चिमण्या मच्छरदाणीवर येऊन बसायच्या, आत चोच घालायचा प्रयत्न करायच्या, आणि मावशी खिडकीतून त्यांना नावं घेऊन हाकलायची. एकीला ती मॅनेजरीण म्हणायची. दोन तासांत पाव टोस्टासारखा कडक होई. वाळलेला प्रत्येक टोपलाभर पाव ती नाकाशी नेऊन हुंगायची. जरा जरी कुबट वास आला तर अख्खा टोपला गाईला. यात तिनं कधी सवलत दिलेली मी पाहिली नाही.

भेदरं सुरीनं कापायची नाहीत. हातानं फोडायची, म्हणजे रस परातीतच पडतो. अकराच्या भोंग्याला त्यावर मीठ टाकायचं आणि झाकण ठेवायचं. मग दीड तास कुणी झाकणाला हात लावायचा नाही. साडेबाराच्या भोंग्याला झाकण काढलं की भेदरं आपल्याच पाण्यात तरंगत असायची. मग बारीक कांदा, ठेचलेली हिरवी मिरची, सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), जवसाचं तेल, आणि सगळ्यात शेवटी पाव. दोन्ही हातांनी वरखाली करायचं आणि लगेच वाढायचं. पाव बाहेरून ओला आणि आत किंचित कडक. त्या उन्हात ते खाताना माणसं बोलत नसत.

एकदा पुण्याचा एक तरुण इंजिनियर मशीन बसवायला आला होता. त्याला पाव कडक लागला, म्हणून त्यानं ग्लासातलं पाणी ताटात ओतलं. मावशीनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

“काय झालं मावशी?”

“भेदराले आपलं पाणी असते, बाबू. त्याच्यात दुसरं पाणी कायले? मी मीठ टाकून दीड घंटा वाट पायतो, अन् तू एका गिलासानं सारं बुडवतं.” तिनं त्याला दुसरं ताट वाढून आणलं आणि तो संपवेपर्यंत समोर उभी राहिली. जाताना त्यानं आणखी मागितलं. “आता गोड लागते ना? मंग?” म्हणाली.

बिनचुलीच्या जेवणात पाण्याचा एक थेंब नसायचा. भेदरं आणि सांबार ती सकाळी धुवायची तेही घरून आणलेल्या कळशीतल्या पाण्यानं. कारखान्याच्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो अशी तिची तक्रार असे. कॅन्टीनमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त. कारण एका उन्हाळ्यात माझी बायको सुनंदा तिच्या आजारी आईजवळ महिनाभर नागपूरला होती, आणि रविवारी मी उपाशी राहतो हे कळल्यावर मावशीनं मला परातीपुढं बसवून हे शिकवलं. माझे हात झाकणाकडे गेले की ती चापट मारायची. मी सुपरवायझर होतो, तरी मारायची.

तिचं माझ्याकडे एकच काम असायचं. कॅन्टीनमागं तिनं सांबाराचा वाफा केला होता. पाण्याची मोठी टाकी त्याच्या वरच्या अंगाला. दर पंधरा दिवसांनी टाकी धुतली की तळचं पाणी नालीतून त्या वाफ्यात उतरायचं. म्हणून ती मला टाकीवाले साहेब म्हणायची. “टाकीवाले साहेब, कधी धुता? माहा सांबार माना टाकून राह्यला.” मी तारीख सांगायचो. त्या दिवशी ती वाफ्याच्या तोंडाशी फावडं घेऊन उभी असायची.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाण्याची फार ओढ होती. टँकर चार-चार दिवसांनी यायचा. टाकी धुवायची म्हणजे तळचं दोन फूट पाणी सोडून द्यायचं. एवढं पाणी नालीत घालवायला माझा जीव होईना. माझ्या घरी तेव्हा भांडी घासलेलं पाणी आम्ही झाडांना घालत होतो. एक पंधरवडा मी टाळला. दुसराही टाळला. पण टाकीच्या खोलीत लटकवलेल्या स्वच्छता कार्डावर दोन्ही वेळा तारीख टाकून सही केली, कारण कोरं कार्ड तपासणीत चालत नाही. पाणी वाचवलं असं मला वाटत होतं. थोडा अभिमानही होता.

मग एका बुधवारी दुपारनंतर माणसं उलट्या करू लागली. संध्याकाळपर्यंत चौदा जण आडवे झाले, त्यातले तिघे दवाखान्यात. सगळे पुढं बरे झाले, पण ते त्या दिवशी कुणाला माहीत होतं? बुधवारी बिनचुलीचं होतं. शिळा पाव, कच्चं टमाटं. कुणाला दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही.

चौदांपैकी दोघे ट्रकचे ड्रायव्हर होते. त्यांनी कॅन्टीनमध्ये काही खाल्लंच नव्हतं. गेटजवळच्या कूलरमधून, म्हणजे त्याच टाकीच्या पाण्यानं, बाटल्या भरून घेतल्या होत्या, तेवढंच. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. म्हणजे सगळंच कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. ठेकेदार होता, मावशी होती, आणि पाण्याच्या कार्डासह मला बोलावलं होतं. मावशीनं पदर त्या दिवशी खोचलेला नव्हता, खांद्यावरून घेतला होता.

“मावशी, शिळा पाव देत होता तुम्ही,” साहेब म्हणाले.

“शिळा नाही साहेब, वाळवलेला. अन् त्याच्यात मी पाण्याचा थेंब टाकत नाही.”

“पाण्याचा काय संबंध?”

“थोच तं सांगून राह्यली. माह्या जेवणात पाणीच नाही. मंग पोट बिघडलं कायनं?”

साहेबांना तिचं बोलणं उमगलं नाही. त्यांना वाटलं, बाई घाबरून भलतंच बोलते आहे. त्या खोलीत ते एका माणसाला समजलं होतं. साहेबांनी माझ्याकडे हात पुढं केला. “टाकी कधी धुतली?” मी कार्ड दिलं. पाच दिवसांपूर्वीची तारीख, खाली माझी सही. “हे व्यवस्थित आहे,” ते म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. भेदरं अंगठ्यानं दाबून पाहायला लागतो तेवढाच. मग ती उठली, “बरं हाय,” म्हणाली आणि गेली. ठेकेदारानं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता टाकी धुतली. तळाशी बोटभर गाळ होता. सोडलेलं पाणी नालीतून उतरलं आणि सांबाराच्या वाफ्यात पसरलं. वाफा केव्हाचा वाळून गेला होता. पाणी तडकलेल्या मातीत शिरताना बारीक आवाज करत होतं. तेव्हा मला कळलं की तिलाही ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी पाणी येतं की नाही, हे माझ्या कार्डापेक्षा तिच्या सांबारानं तिला खरं सांगितलं असणार.

पुढं मी काय केलं? काही नाही. टाकी मात्र एकदाही चुकवली नाही. माझी मुलगी शिकली, पगार वाढला. नव्या ठेकेदाराच्या जेवणाला लोक नावं ठेवायचे, आणि कुणी “वच्छलाबाई बरी होती” म्हटलं की दुसरा लगेच म्हणायचा, “हो, पण शिळं खाऊ घालून लोकं मारले असते तिनं.” मी उठून हात धुवायला जायचो.

गेल्या मे महिन्यात सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. एका दुपारी शेगडीपुढं उभं राहवेना, म्हणून मी बिनचुलीचं करायला घेतलं. सगळं मावशीच्या पद्धतीनं. पाव घालून कालवत होतो, तेवढ्यात सुनंदा काठी टेकत आली, पाव दाबून पाहिला आणि सहज म्हणाली, “कडक आहे हो,” आणि तांब्यातलं पाणी शिंपडायला हात पुढं केला.

“पाणी नको!” मी असा ओरडलो की तिच्या हातातला तांब्या हिंदकळला.

मग सांगावं लागलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला न सांगितलेली ती एकच गोष्ट होती. तिनं सगळं ऐकलं. रागावली नाही. परातीकडे पाहत म्हणाली, “मग हे मला कायले सांगता? मी कुठं आजारी पडली होती? मावशीकडे जा.”

“नऊ वर्षं झाली.”

“तेच म्हणते. अजून किती मीठ मुरवायचं आहे?”

पत्ता मिळवायला आठवडा गेला. तेव्हा भोवळ येऊन पडलेल्या भांडी घासणाऱ्या बाईनं सांगितलं की मावशी दारव्ह्याला मुलीकडे असते. पुढच्या रविवारी मी जीपमध्ये दाटीनं बसून निघालो. हातात पिशवी, पिशवीत आदल्या दिवशी गच्चीवर वाळवलेला पाव. रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि दुसरं तरी काय न्यायचं?

मुलगी पुष्पा ओसरीवर शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. तिची सासू शेजारी तुरी निवडत बसलेली. मावशी आत भिंतीला टेकून बसली होती, खूप वाळली होती. एका डोळ्यावर मोतीबिंदूचा ढग दिसत होता.

“कोण हाय?”

“मावशी, मी. लोहाऱ्याचा.”

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “टाकीवाले साहेब,” म्हणाली.

मी पिशवी पुढं केली. तिनं हात घालून पावाचा तुकडा काढला, नाकाशी नेला. “कालचा हाय. वाळवला कुठं?”

“गच्चीवर.”

“वरतून मच्छरदाणी टाकली होती?”

“टाकली होती.”

“मंग ठीक हाय.” तिनं पुष्पाला हाक मारून भेदरं मागितली. पुष्पा बाहेरूनच म्हणाली, “आई, तुले कायले पाह्यजे? मी करतो ना.” मावशीनं मला हळूच सांगितलं की या घरात तिला स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत. नातवाच्या बारशाला तिला हौसेनं रांधायचं होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, लोहाऱ्याला हिच्या हातचं खाऊन माणसं दवाखान्यात गेली, लेकराच्या कार्यात नको. “पुष्पा तवा काही बोलली नाही,” मावशी म्हणाली. “थे मले लागलं. बाकी कायचं लागलं नाही.”

भेदरं आली. तिनं चाचपून मऊ तेवढी निवडली, परातीत हातानं फोडली, मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. मग आम्ही दोघं ते झाकण बघत बसलो.

“मावशी, टाकी मी धुतली नव्हती,” मी म्हणालो.

“मले मालूम हाय. सांबार वाळला होता ना.”

“मग त्या दिवशी बोलल्या काहून नाही?”

“बोलून काय करू? तुमच्या हाती कार्ड होतं. माह्या हाती वाळला सांबार.” मग म्हणाली, “पयलं वरीस वाट पाह्यली. वाटे, हा माणूस वाईट नाही, येईन. मंग सोडून देल्लं.”

मी म्हणालो, मी कंपनीला लिहून देतो. सगळं, सहीनिशी. लागलीच देतो.

ती हसली. तिचं जुनं हसू, भाजीवाल्याला परत पाठवतानाचं. “द्या ना. पण कागदावर सही कराले तुमाले भल्लं सोपं जाते, साहेब. इथं तोंडानं सांगा.” आणि तिनं मोठ्यानं हाक मारली, “पुष्पा वं! मशीन बंद कर अन् इकडं ये. विहीणबाईलेही आण. साहेबायले काही सांगाचं हाय.”

यंत्र थांबलं. पुष्पा दारात आली, तिच्या मागं पदराला हात पुसत तिची सासू. मावशीनं पदर कमरेला खोचला, एक हात परातीच्या झाकणावर ठेवला आणि चांगला डोळा माझ्याकडे केला. मी उठून उभा राहिलो.  पुष्पानं आणून दिलेला पाण्याचा ग्लास तसाच भरलेला जमिनीवर होता.

“तुमच्या आईच्या जेवणानं कुणी आजारी पडलं नव्हतं,” मी म्हणालो. “खराब होतं ते पाणी, आणि ती टाकी माझ्याकडे होती. मी ती धुतली नाही आणि धुतली अशी खोटी सही केली. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. मावशी, माझं चुकलं. मला माफ करा.”